जखमेला विटाळ नसतो

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, आणि हे ती कौतुकानं म्हणायची नाही. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी पोह्यांच्या बशा ठेवल्या, समोर बसले आणि थोड्या वेळानं उठून आत निघून गेले, कारण त्यांच्यातले एक गृहस्थ बशीतला चहा फुंकता फुंकता पाऊसपाण्याचं बोलत होते आणि मुद्द्यावर यायचं नाव घेत नव्हते. ते स्थळ अर्थातच गेलं. पुढं नशिबानं काम दिलं तेही असं, की त्यात जरा रेंगाळलं की मुसळ केरात.

एमएस्सी झाल्यावर धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत मला संशोधन सहायकाची जागा मिळाली. नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट. आमचे सर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर काम करत होते. आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण बरीचशी गप्प असतात. डोळ्याच्या पेशीत पोटाची जनुकं झोपलेली, पोटाच्या पेशीत डोळ्याची. कॅन्सर झालेल्या पेशीत मात्र कधी कधी भलतंच जनुक जागं होतं आणि तिथं ज्याचं काही काम नाही असं एन्झाइम तयार करू लागतं. सरांनी धरलेलं एन्झाइम एरवी वारेत सापडतं. बाई गरोदर असते तोवर ते असतं, वार पडली की त्याचं काम संपलं. तेच एन्झाइम नातवंडं झालेल्या बायकांच्या गाठीत का सापडावं, हे सरांना शोधायचं होतं. सगळ्याच गाठींत ते नसे, काहींत असे.

ते ओळखायची रीत सोपी होती. गाठीचा तुकडा वाटायचा, त्याचं पाणी काढायचं आणि नळी गरम पाण्यात धरून ठेवायची. त्या जातीची बाकीची एन्झाइमं उष्णतेनं मरतात, हे एकटं तग धरतं. मग वरून औषध घातलं की नळी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी होई. पिवळी झाली नाही तर एन्झाइम नाही. पण सरांचं पिवळ्या रंगावर समाधान नव्हतं. जनुक जागं झालं की ते पेशीत निरोप पाठवतं आणि त्या निरोपाबरहुकूम एन्झाइम बनतं. सरांना तो निरोपच हातात धरायचा होता. आणि निरोप फार नाजूक. तुकडा शरीरातून बाहेर पडला की तो विरायला लागतो, आपल्या बोटाच्या घामानंसुद्धा त्याचा फडशा पडतो. म्हणून तुकडा निघाल्याबरोबर द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचा, तिथं सगळं जागच्या जागी थिजतं. निरोप वाचायची सोय आमच्याकडे नव्हती, गोठवलेले तुकडे पुण्याला जात. तुकडे गोळा करून आणायचं काम माझं. सर म्हणाले, तुझ्या स्वभावाला हेच बरं.

धुळ्यात द्रवरूप नायट्रोजन मिळायचा तो गुरांच्या दवाखान्यात. गाईम्हशींना भरवायला जे वीर्य ठेवतात ते त्यात ठेवतात. तिथल्या कंपाउंडरनं आम्हाला एक जुना छोटा कॅन दिला होता, आणि तो मांडीवर घेऊन मी जळगावला जायची, कारण तिथल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्यासाठी तुकडा राखून ठेवत. त्यांनी तपासणीसाठी घेतला त्यातलाच जरासा आमचा. एसटीत त्या कॅनचा वेगळाच ताप. झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ येई आणि कंडक्टर मला ड्रायव्हरपासून लांब बसवी. खेड्यातले लोक कॅन बरोबर ओळखत. पारोळ्याला बस थांबली की कोणीतरी खिडकीपाशी येऊन विचारी, ताई, जर्सीचं शे का? पहिल्यांदा मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. नंतर म्हणायला लागले, हो, जर्सीचं. तेवढंच समाधान त्यांचंही आणि माझंही.

वॉर्डातल्या बायकांना मी आधी विचारायची, तुमच्या तुकड्यातला जरासा आम्ही नेऊ का. सरांचा तसा दंडकच होता. बायका म्हणायच्या, ने बाई, मी त्याचं काय लोणचं घालू. मग मी विचारायची, हे सुरू कसं झालं. त्या जे सांगत ते ऐकून माझं डोकं उठे, कारण प्रत्येकीचं सारखंच. पाळी जाऊन वर्षं झाली होती, मग एक दिवस पुन्हा आली. घरातल्या म्हणाल्या, होतं असं कुणाकुणाला. म्हणून मी आपली बाजूला बसले. बाजूला बसणं म्हणजे पाळीचे दिवस ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर काढायचे, वेगळं ताट, वेगळा तांब्या, घरात शिवायचं नाही. म्हणजे अंगावरून जातंय हे अख्ख्या घराला दिसत होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच कोणी विचारत नव्हतं. त्याचं नाव पडलेलं होतं, पाळी. नाव पडलं की माणसं निर्धास्त होतात. बाईनं हे लपवलं असतं तर निदान कुणाला संशय तरी आला असता, असं मला चिडून वाटायचं.

माझी फुई, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, पारोळ्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. लहानपणी दिवाळीची सुट्टी मी तिच्याकडेच काढायची. घरात कापूस, ज्वारी, चार जनावरं, आणि फुईचे हात कधी रिकामे दिसायचे नाहीत. बोलता बोलता ती शेंगा फोडायची, निजायच्या आधी वाती वळायची. माझ्या पायाची भिंगरी तिच्या हातात आहे, असं फुवा, म्हणजे तिचा नवरा, म्हणायचा. त्या श्रावणात एकदा जळगावला तुकडा मिळाला नाही, बाई ऐनवेळी घरी निघून गेली होती. मी वैतागून परत निघाले आणि पारोळ्याला उतरून फुईकडे गेले, जरा बरं वाटेल म्हणून.

फुई ओट्याच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसलेली होती. हात मांडीवर, रिकामे.

मला आधी कळेना की ती अशी का बसलीय. तेवढ्यात तिची मोठी जाऊ घरातून आली. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. घरात काय शिवायचं, काय नाही, देवाचं कोणी करायचं, कोणी लांब राहायचं, हे अक्का ठरवायची आणि त्यावर फुवासुद्धा बोलत नसे. अक्का मला म्हणाली, "नातू रांगाले लागना, आनि हाई आते बसाले लागनी." आणि तोंडाला पदर लावून हसली. फुईही हसली. लाजली, असंच म्हणायला पाहिजे. पन्नाशी उलटलेली माझी फुई तारुण्य परत आल्यासारखी लाजत होती.

मी तिच्या गोणपाटावरच बसले. अक्का ओरडली, शिवशी, पण मी ऐकलं नाही. जवळ गेल्यावर मला तो वासही आला. वॉर्डात मी तो ओळखायला शिकले होते. फुईनं त्याच्यावर कापूर ठेवला होता लुगड्याच्या निरीत. मी हळू आवाजात एकेक विचारलं आणि ती एकेक सांगत गेली. होळीपासून सुरू होतं. आधी थोडं, मग थांबे, मग पुन्हा. आता थांबतच नव्हतं. कंबर धरे. गोळ्या चालू होत्या. कसल्या गोळ्या म्हटलं तर म्हणाली, पाळी पुढं ढकलायच्या. सणासुदीत अडचण नको म्हणून सुना-लेकी औषधाच्या दुकानातून त्या आणत, श्रावणात तर जास्तच. फुईनंही पारोळ्याहून मागवल्या होत्या, कारण कानबाई तोंडावर आली होती आणि यंदा कानबाई तिच्या घरी बसणार होती.

कानबाई म्हणजे आमच्याकडचा श्रावणातला मोठा सण. नारळाची देवी चौरंगावर बसवतात, रात्रभर जागवतात, सोमवारी नदीवर नेऊन उठवतात. भाऊबंदांत ती आळीपाळीनं बसते. तिचे रोट करतात, गव्हाच्या जाड भाकरीसारखे, आणि त्यांचे गहू घरच्या जात्यावर घरच्या बाईनंच दळायचे. ते रोट फक्त त्या कुळातल्यांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्यानं खाल्लेले चालत नाहीत. भाच्या परक्याच. लहानपणी फुईच्या घरी कानबाईला मी खीर खायची, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी खायची, आणि रोटाच्या परातीकडे बघत बसायची. एकदा हात घातला तर अक्कानं हातावर चापट मारली होती. तुपाचा तो वास मला अजूनही येतो.

फुईच्या घरी कानबाई किती वर्षांनी येत होती. ती सासूकडून आलेला नारळ पेटीतून काढून ऊन दाखवायची स्वप्नं बघत होती आणि बसली होती गोणपाटावर. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर जळगावला चल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कानबाई उठू दे, मंग तू म्हणशी तठे येसू."

मी धुळ्याला परत आले ती तणतणतच. सरांना सांगितलं. सर शांत माणूस, नळीतला शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघणारा. ते म्हणाले, आठवड्यानं फारसं बिघडणार नाही, कानबाई झाली की घेऊन ये. बरोबरच म्हणाले असतील. पण मी खानदेशातली आहे. कानबाई उठली की पोळा, पोळा झाला की गणपती, मग पितरं, मग नवरात्र, आणि नवरात्रात कापूस फुटायला लागतो. कापूस वेचायला बाई नसेल तर घर चालत नाही. आमच्या पंचांगात बाईच्या दुखण्यासाठी रिकामी तिथी कधीच नसते. मला झोप लागेना, जेवण जाईना. नळ्या धुताना दोन फोडल्या. घरी आई म्हणाली, फुई तुझी, पण घर तिचं, तू कोण सांगणारी. शनिवारी मी कॅन न घेता पारोळ्याची बस पकडली.

घरात धामधूम चालू होती. भिंती सारवल्या होत्या, चौरंग धुऊन उन्हात ठेवला होता. माजघरात अक्का रोटाचे गहू निवडत होती. फुई बाहेरच. गोळ्यांनी काही झालं नव्हतं, होणारच नव्हतं. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मला बघून तिनं विचारलं काय तर, कानबाईले नवं लुगडं आणलं ते बघितलं का. अक्कानं ठरवून टाकलं होतं की गहू आता तीच दळेल, देवीलाही तीच शिवेल, फुईनं ओट्यावरून दर्शन घ्यायचं. फुई हे सांगताना रडली नाही, पण तिचा ओठ हलला. मला वाटलं, आत्ता रडली असती तर बरं झालं असतं.

तिथं उभ्या उभ्या मला ते सुचलं. विचार करून सुचलं असं नाही. मला राग आला होता, फुईचा, अक्काचा, गोणपाटाचा, आणि त्या एका शब्दाचा, ज्यानं सगळ्यांचे डोळे झाकले होते. मी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि म्हटलं, "अक्का, हाई बसनं नही. हाई जखम शे."

अक्काचे हात गव्हात थांबले. तिनं विचारलं, तुला काय माहीत. मी म्हटलं, माझं कामच ते आहे. मग जनुक, एन्झाइम काही न बोलता मी तिला बोंडाचं सांगितलं. कपाशीचं बोंड वरून हिरवंगार दिसतं आणि आत अळी असते, तसं फुईच्या पिशवीच्या तोंडाशी झालंय, तिथं कुरतडलं गेलंय आणि तिथून रक्त येतंय. पाळी पिशवीच्या आतून येते, हे त्या जखमेतून येतंय. पाळीच्या गोळीनं जखम कशी थांबेल. अक्का ऐकत होती. बाहेर फुईही ऐकत होती, मला माहीत होतं. फुवा दारापाशी आला आणि बायकांचं काहीतरी चाललंय हे बघून परत गेला.

अक्कानं गव्हाचं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता ही मला हाकलणार. पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. सोवळ्याओवळ्याचा हिशेब ती वकिलासारखा चोख ठेवायची, आणि त्या हिशेबात मी काय नवीन आणून ठेवलंय ते ती तपासत होती. मग ती म्हणाली, "पायमा काटा भरना, रगत निंघनं, ते बाईले बाजूले बसाडतस का आपन?"

मी म्हटलं, नाही.

अक्का उठली, ओट्यावर आली आणि फुईसमोर उभी राहिली. "तूच सांग. बसेल शे, का जखम शे?"

मी तेव्हा फुईकडे बघितलं आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. एवढा वेळ मला फक्त घाई होती. तिनं पाळी म्हटलं असतं तर ती ओट्यावर राहिली असती, कानबाई दुसरीच्या हातून बसली असती, पण ती निरोगी राहिली असती, निदान स्वतःपुरती, निदान काही महिने. जखम म्हटलं तर घरात येता येईल, जात्याला हात लावता येईल, देवी मांडता येईल, पण मग ती जखम तिची झाली. मग तिला ती दाखवावी लागेल, आणि कोणी काय सांगेल ते ऐकावं लागेल. लाजून हसलेलं ते हसूही परत द्यावं लागेल. फुई अडाणी होती, पण हे सगळं तिला माझ्याआधी कळलं होतं, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. तिनं एकदा आतल्या जात्याकडे बघितलं.

"जखम शे," ती म्हणाली.

अक्कानं मान हलवली. मग तिनं दुसरंही सांगितलं, आणि त्यासाठी मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला. जखम आहे तर ती घरात ठेवून चालणार नाही, मंगळवारी हिला दवाखान्यात ने. फुईनं न्हाऊन घेतलं, धुवट लुगडं नेसली, कापडाची घट्ट घडी घेतली आणि जात्यापाशी बसली. एका हातानं घास टाकत, दुसऱ्यानं खुंटा फिरवत तिनं सगळे गहू दळले. मध्ये मध्ये ती थांबायची, कंबरेला हात लावायची. मी खुंट्याला हात लावायला गेले तर अक्का म्हणाली, तुझं कूळ वेगळं. ते मात्र बदललं नव्हतं.

कानबाई थाटात बसली. फुईनं नारळाला डोळे रेखले, नथ घातली, लुगड्याच्या निऱ्या स्वतः केल्या. सोमवारी देवी डोक्यावर घेऊन तीच नदीपर्यंत चालत गेली. वाटेत बायका फुगड्या घालत होत्या आणि मी तिच्या मागं मागं, आता पडते की मग पडते, असा जीव मुठीत धरून. ती पडली नाही.

मंगळवारी फुईला घेऊन मी आणि फुवा जळगावला गेलो. मी पारोळ्याहून फोन केल्यावर गुरांच्या दवाखान्यातून कॅन भरून सरांनीच सकाळच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पारोळ्याला पाठवला होता. डॉक्टरीणबाईंनी फुईला तपासलं आणि हातमोजे काढता काढता मला खुणेनं बाहेर बोलावलं. ऑपरेशनची वेळ गेली होती. पण फार लांब पसरलं नव्हतं, मुंबईला जाऊन किरणांचा शेक घेतला तर उपयोग होता. त्यांनी तुकडा काढला, त्यातला आमचा मी चिमट्यानं उचलून कॅनमध्ये सोडला. सुर्रर्र आवाज झाला, वाफ वर आली. एरवी मी तो आवाज ऐकला की समाधानानं झाकण लावायची. त्या दिवशी झाकण हातातच राहिलं.

फुई खाटेवर पडल्या पडल्या सगळं बघत होती. मी तिलाही विचारलं होतं, इतरांना विचारायची तसंच, नेऊ का. तिनं नुसती मान डोलावली होती. आता तिनं पिशवीतून फडक्याची गाठोडी काढली. पौर्णिमा व्हायची होती, तिच्या वाटचे रोट संपायचे होते, म्हणून तिनं ते बरोबर आणले होते. एक रोट तिनं मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, फुई, मला चालत नाही ना.

"मन्हं मांस तू डबामा भरीसन धुळ्याले लई जास. आते तू परकी कशी? खाय."

मी खाल्ला. लहानपणी एवढी आस लावलेल्या रोटाची चव मला आठवत नाही. मग मी कॅन उचलला आणि पळत स्टँड गाठलं, कारण जुन्या कॅनमधला नायट्रोजन उडून जायच्या आत तुकडा धुळ्याला पोचला पाहिजे होता.

नळी पिवळी झाली. गरम पाण्यातून काढली, औषध घातलं, आणि बघता बघता हळद कालवल्यासारखी झाली. पुढं पुण्याहून कळलं की निरोपही उत्तम निघाला, आजवरच्या तुकड्यांत सगळ्यात चांगला. सर खूष झाले. मी गच्चीवर जाऊन फेऱ्या मारत राहिले. माझ्या मनात येत होतं की घरातल्या बायका अगदीच चुकलेल्या नव्हत्या. फुईच्या अंगात बंद झालेलं काहीतरी खरंच पुन्हा सुरू झालं होतं. वारेचं एन्झाइम, बाळाच्या दिवसांतलं. फक्त त्याला तिथं कोणी बोलावलं नव्हतं.

फुवा तिला घेऊन मुंबईला राहिला. शेकानं ती काळवंडली, वाळली, पण रक्त थांबलं. पुढच्या श्रावणात कानबाई दुसऱ्या भाऊबंदाच्या घरी बसली तरी तिनं जात्यावर बसून आपले गहू दळले, आणि जळगाव-धुळे गाडीच्या कंडक्टरच्या हाती माझ्यासाठी एक रोट पाठवला. मी तो प्रयोगशाळेत नळ्यांच्या बाजूला बसून खाल्ला. सरांना दिला नाही, कूळ वेगळं म्हणून. ते बिचारे हसले.

त्या हिवाळ्यात तिचे पाय सुजले आणि दुखणं परत वर आलं. होळीच्या आधी फुई गेली. मी तिला वेळेत गाठलं का, यावर मी अजूनही रात्रंदिवस भांडते, कधी सरांशी, कधी स्वतःशी. दीड वर्ष जास्त मिळालं म्हणावं, की सहा महिने आधी पारोळ्याला उतरायला हवं होतं म्हणावं, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्यानंतरच्या श्रावणात मी कुठल्याच रोटाची वाट बघत नव्हते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर कोणीतरी चपला काढल्या. बघते तर अक्का. डोक्यावरून पदर, हातात फडक्याची गाठोडी. एकटी धुळ्याला आली होती, जी कधी पारोळ्याच्या बाजारालाही एकटी गेली नव्हती. सरांनी तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. कोपऱ्यातल्या कॅनकडे बघून तिनं विचारलं, हाच का तो डबा. मी हो म्हटलं.

तिनं गाठोडी सोडून रोट माझ्या हातात ठेवला. ज्या हातावर तिनं चापट मारली होती त्याच हातात. सर समजून बाहेर गेले. अक्का माझ्या अगदी जवळ आली आणि इतक्या खालच्या आवाजात बोलली की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"माले बी रगत जावाले लागनं शे, आखाजीपासून. पण मी बाजूले बसनू नही. माले माहीत शे, ती जखम शे."

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन तीन महिने झाले होते. मी रोटाचा तुकडा तोंडात टाकला, अक्काचा हात धरला आणि पायात चपला सरकवल्या.